सर, आकडे तुम्ही लिहून घेतलेत

सर, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, सध्या काय वाचतेयस" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय, आता बदला विषय.

बीएस्सी नाशिकमध्येच केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. लॅबमध्ये हेलियम-निऑन लेसर होता, कुलूपबंद कपाटात. हात लावला तर बिघडेल म्हणे, आणि जर्नलमध्ये रीडिंग मागच्या बॅचचं उतरवायचं. क्वांटमचं काही विचारलं की "परीक्षेला येत नाही." २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनचे सहा हजार कोटी मंजूर झाले तेव्हापासून तिथेच क्वांटमवर सेमिनार होतात, बॅनर लावून. असो.

तुम्ही या क्वांटम ऑप्टिक्सच्या लाइनीत आलात तेव्हा तर कोणी बॅनरही लावत नव्हतं. १९८२ ला अलँ अस्पेंचे एकमेकांत गुंतलेल्या फोटॉन्सवरचे, म्हणजे प्रकाशाच्या कणांवरचे, प्रयोग होऊन गेले होते, तरी लोक तुम्हाला म्हणायचे की हे फिजिक्स नाही, तत्त्वज्ञान आहे. मग १९९४ ला क्वांटम कॉम्प्युटरवर मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडणारा शोरचा अल्गोरिदम आला, २००१ ला निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी दाखवलं की बीम स्प्लिटर (अर्धा प्रकाश आरपार सोडणारा, अर्धा परतवणारा आरसा), एकेक फोटॉन आणि डिटेक्टर एवढ्यावरही क्वांटम कॉम्प्युटर बनू शकतो, आणि तुमचं ऑप्टिक्सचं टेबल तेच राहिलं, विचारायला येणारे तेवढे बदलले. २०२२ ला अस्पे, क्लाउझर, झाइलिंगरना नोबेल मिळालं तेव्हा तुम्ही शेजारीपाजारी कोंडाजीचा चिवडा वाटलात, कशाबद्दल ते कोणालाच कळलं नाही.

पण मला सांगायचंय ते तुमच्या जुन्या लॅबमधल्या त्या दुपारचं. हाँग, ऊ, मँडेल यांचा १९८७ चा प्रयोग. दोन अगदी सारखे फोटॉन एकाच क्षणी बीम स्प्लिटरवर आले तर दोघंही एकाच बाजूने बाहेर पडतात, म्हणून दोन्ही डिटेक्टर एकदम वाजायचं जवळपास थांबतं. पुस्तकात वाचलेलं होतं हो सगळं. एका फोटॉनची वाट किंचित लांब-आखूड करणारा मायक्रोमीटर तुम्ही माझ्या हातात दिलात, स्टूल ओढलंत, वही-पेन घेऊन बसलात आणि म्हणालात, "तू फिरव, मी लिहितो." तिथली पीएचडीची मुलं बघत उभी, आणि एवढा मोठा माणूस बीएस्सीच्या पोरीचे आकडे उतरवतोय. दोन्ही डिटेक्टर एकदम वाजल्याचे काउंट्स धडाधड कमी व्हायला लागले तेव्हा मी थांबून तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, "पुढचा आकडा?"

शिकवणारे पुष्कळ भेटतात सर. दुसऱ्याच्या प्रयोगात कारकून होऊन बसणारा मोठा माणूस मी अजून दुसरा पाहिला नाही, आणि अशी माणसं कुठल्याच मिशनच्या बजेटमधून येत नाहीत.

बाकी, पीएचडीचं पत्र आलंय, फोटॉन्समध्येच. पुढच्या आठवड्यात नाशकात येतेय, तुम्ही गंगापूर रोडला फिरायला निघायच्या आधीच घरी गाठते. मिलबर्न लोकांच्या पेपरमधलं ते साइन शिफ्टचं, म्हणजे दोन फोटॉनच्या अवस्थेचं चिन्ह उलटं करणारं, गेट अजून डोक्यात शिरत नाहीये, तेव्हा काकूंना चहा जरा जास्तच टाकायला सांगा.