काका, तुम्ही आमच्या मुलीलाही विचारलंत

आदरणीय काका,

सभेत उभं राहून आभार मानायला गेले असते तर दोन वाक्यांतच रडू फुटलं असतं. म्हणून हे पत्र.

आमचा मुलगा सोनू बौद्धिक अक्षमता असलेला. "आमच्या माघारी सोनूचं काय?" असं विचारलं की लोक देवावर भार टाकून मोकळे होतात. तुम्ही मात्र उलट विचारलंत, "अठरा पूर्ण झाली ना? मग पालकत्वाचा अर्ज केलात का?" अठरानंतर कायद्याच्या लेखी आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, हे तुमच्यामुळे कळलं. अर्ज भरताना तुम्ही शेजारी बसून होतात. 'निरामय' हा आरोग्य विमाही तेव्हाच काढवून घेतलात. लाखापर्यंतचंच संरक्षण, पण थेरपीच्या खर्चाला तेवढाच हातभार.

पेन्शनचं तर आम्हाला सुचलंही नसतं. हे पोस्टातून निवृत्त झालेले. "तुम्ही दोघं आहात तोवरच पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रावर, मुलाचं नाव चढवून घ्या, नंतर त्याच्यासाठी खेटे कोण घालणार?" हे तुमचं वाक्य ह्यांनी इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याच दिवशी फाइल काढली!

पण खरे आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. "ताई आहेच की त्याला," असं सगळे नातेवाईक म्हणायचे, तेही तिच्यासमोर. तुम्ही तिच्याकडे वळून विचारलंत, "बाळा, तुला काय झेपेल? नाही म्हणालीस तरी चालेल." पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दवाखाना, पैसे, सह्या मी बघेन. तो कायम माझ्याकडेच राहील असा शब्द आज नाही देता येणार." मला ते लागलं, खोटं कशाला बोलू? पण त्या उत्तरामुळेच पुढचं ठरवता आलं. पैसे तिच्या नावावर न ठेवता मृत्युपत्रातून ट्रस्ट करायचा, विश्वस्त दोन ठेवायचे, आणि निवासी संस्था आमचे हातपाय चालताहेत तोवरच पाहून ठेवायच्या.

दुसरे विश्वस्त तुम्ही व्हावं असं मनात होतं. वयाकडे बोट दाखवून तुम्ही माझ्या भाच्याचं नाव सुचवलंत. त्याने होकार दिलाय. रविवारी तो येतोय, मसुदा वाचायला तुम्हीही या. काकूंना घेऊन, जेवायलाच.

आपली,
सोनूची आई