टिटवीचा फोटो

नाशिक, १७ मे

प्रिय मकरंद,

तुझं पत्र परवाच आलं, पण त्यात तू मागितलेला फोटो पाठवायचा की नाही ते ठरेना, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. कॅमेरा घेतलास, फार बरं केलंस. लेन्सचं शेवटी सांगतो. आधी टिटवीचं.

मार्चपासून आम्ही सात-आठ जण दर रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला चालायला जातो. साडेपाचला घरातून निघायचं, उजाडताना पाण्यावर, नऊच्या आत परत. येताना मिसळ होतेच, तिच्यासाठीच येणारे दोघे आहेत, त्यांची नावं लिहीत नाही. आपण कॉलेजात असताना तिथे पोहायला जायचो तेव्हा पाण्याखेरीज मला काही दिसलं होतं असं आठवत नाही. आता एप्रिलात धरण उतरायला लागलं की काठाची जमीन उघडी पडते. कुठे गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरणी करतात, कुठे नुसता मुरूम आणि गोटे. वरच्या अंगाला द्राक्षबागा, खरड छाटणी झालेल्या, काड्यांचे ढीग बांधावर. पाण्यात शेकाट्या पक्षी त्या लाल काटक्यांसारख्या पायांवर उभे, वर नदी सुरय गोल गोल फिरून मध्येच दगडासारखे खाली पडतात. तारेवर वेडा राघू. त्याचा फोटो कुणालाही येतो, कारण तो माशी पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. नवशिक्यासाठी देवाने केलेला पक्षी आहे. तू तिथूनच सुरुवात कर.

तर एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि बुटापासून हातभर अंतरावर चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाहीच. मुरमात उथळ खळगा, कडेला बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या. अंडी मातकट, त्यावर काळपट डाग, चारींची निमुळती टोकं आत वळवून मांडलेली. मी नजर काढली आणि परत बघितलं तर सापडेनात! तिथेच उभा असून.

टिटवी तेवढा वेळ शंभर पावलांवर ओरडत होती. ही तिची युक्ती. माणूस दिसला की ती अंड्यांवरून सरळ उडत नाही, मान खाली घालून चोरपावलांनी लांब जाते आणि तिथून बोंब ठोकते. म्हणजे जिथे आरडाओरडा, तिथे अंडी नाहीत. आपण लहानपणी रात्री टिटवी ओरडली की अशुभ म्हणून पांघरूण डोक्यावर घ्यायचो. बिचारी बहुतेक कुत्र्याला हाकलत असणार.

शेळ्या घेऊन एक मावशी येतात तिकडे. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘चार हायेत का? मंग चार महिनं पाऊस.’’ अंडी पाण्यापासून जितकी उंचावर, तितका पाऊस जास्त, असंही त्या म्हणाल्या. टिटवी बहुधा चारच अंडी घालते, त्यामुळे त्यांचा अंदाज दरवर्षी चार महिन्यांचाच निघणार, हे मी बोललो नाही. वेधशाळेचंही काही फार वेगळं नसतं.

आता माझं. पुढच्या वेळी जागा सापडावी म्हणून मी तिथून चार पावलांवर तीन दगड एकावर एक रचून ठेवले. त्या क्षणी मला ते फार हुशारीचं वाटलं.

रविवारपर्यंत धीर निघेना. बुधवारी एकटाच गेलो, लांबूनच पोटावर आडवा झालो. अर्ध्या तासाने ती आली. मकरंद, ती सरळ आली नाही. आधी पाण्यावर गेली, पोटापर्यंत आत उतरली, मग ठिबकत्या पोटाने चालत येऊन अंड्यांवर बसली. आठ वाजले होते, मुरूम तापायला लागला होता. ऊन वाढलं की हे पक्षी पोटाची पिसं भिजवून अंडी गार ठेवतात. ऊब देण्यासाठी अंड्यांवर बसतात हे आपण शाळेत शिकलो. आपल्याकडच्या एप्रिलात ती सावलीसाठी बसते. फोटो काढले. सगळे वाया. जमीन तापली की तिच्यावरची हवा हलते आणि लांबच्या लेन्समधून पक्षी पाण्याखाली असल्यासारखा लिबलिबीत दिसतो. त्यात पोटाचा पांढरा रंग पार उडालेला.

म्हणून शुक्रवारी पुन्हा गेलो, जरा लवकर. आणि जरा जवळ. तिथे मी चुकलो. ती उठली, डोक्यावरून झेपा घेत राहिली आणि मी ‘दोनच मिनिटं’ म्हणत वीस मिनिटं पडून राहिलो. त्या दिवशीचा एक फोटो चांगला आला. डोळ्यापुढची लाल कातडी, चोचीचं काळं टोक, ओल्या पोटाला चिकटलेला एक खडा, सगळं स्पष्ट. तोच फोटो तू मागतोयस. त्या फोटोत मागे, धूसर, बांधावर एक कावळा आहे. मला तो घरी मोठ्या पडद्यावर दिसला.

रविवारी सगळ्यांना घेऊन गेलो. तीन दगड होते, खळगा होता, अंडी नव्हती. कवचाचा तुकडासुद्धा नाही. कावळा, कुत्रा, मुंगूस, कुणीही असेल. काठापर्यंत गाडी घालून वाढदिवस साजरे करणारे येतात, त्यांच्या चाकोऱ्याही होत्या जवळ. ग्रुपमधले म्हणाले, निसर्ग आहे, चालायचंच. पण खूण मी केली होती आणि तिला वीस मिनिटं अंड्यांवरून उठवून मीच ठेवली होती. १९७२ चा वन्यजीव कायदा मी नंतर वाचला. रानपक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं हेसुद्धा त्यात ‘शिकार’ या व्याख्येत धरलंय. मी आयुष्यात गलोल धरली नाही रे.

दगड मोडून टाकले.

अंडी गेली तर टिटवी पुन्हा घालते. गेल्या रविवारी एक जोडी वरच्या अंगाला दिसली. तीच की दुसरी, टिटव्या ओळखण्याइतका मी मोठा झालेलो नाही. एक बसलेली होती, उठत नव्हती. आम्ही बांधावरून वळसा घातला. कुठल्या गावाच्या बाजूला ते लिहीत नाही, तुलाही नाही. महिनाभर बसायचं तिला, आणि पिल्लं निघाली की लगेच पायावर उभी राहून पळतात, एवढं पार पडेपर्यंत तिकडे कॅमेरा न्यायचा नाही असं मी ठरवलंय. एकदा मोडलंय, पण बॅगेतून बाहेर काढला नाही.

लेन्सचं: ३०० मिलिमीटरची पुरते. त्याहून मोठीवर पैसे घालू नकोस, सकाळी लवकर उठण्यावर घाल. पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर थोडं कमी ठेव. थंडीत इकडे ये, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊ. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झालं तेव्हा आपण जाऊ म्हणालो होतो, आठवतं? तिथे मनोऱ्यावरून लांबूनच बघायचं असतं, म्हणजे माझ्यासारख्याला बरं. तो लाल टीशर्ट मात्र आणू नकोस.

फोटो सोबत पाठवत नाही. आलास की दाखवीन, कावळ्यासकट.

आता थांबतो. गच्चीत कुरडया वाळत घातल्यात आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला मला बसवलंय. एवढ्यात दोन गेल्या.

तुझा,
सुधीर