मुलांचे पोट दुखते तेव्हा

महोदय,

माझा ९ वर्षांचा भाचा सायकलवरून पडला आणि हँडलचे टोक पोटात बसले. वरून साधा ओरखडाही नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र तो गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडून होता, घोटभर पाणीही ठरेना. दोन दिवस अपचनाचे औषध चालले. मग रक्तातले लायपेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे चरबी पचवणारे विकर, कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त निघाले. स्वादुपिंडाला सूज होती.

हा आजार दारू पिणाऱ्यांचा, असा समज घट्ट बसला आहे. मुलांत कारणे निराळी असतात: पोटाला मार, पित्ताचे खडे, गालगुंडाचा विषाणू, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएटसारखे औषध, स्वादुपिंडाच्या नलिकेची जन्मजात वेगळी ठेवण. काही घरांत तो जनुकांतून येतो. बहुतेक मुले थोड्या दिवसांत पूर्ण बरी होतात, हे आवर्जून सांगायला हवे. पण काहींना झटके पुन्हा पुन्हा येतात. मग अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, पचत नाहीत, वजन वाढत नाही आणि पुढे मधुमेहही जडू शकतो.

डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे की, घरी सोडताना कागदावर ‘पुन्हा दुखल्यास लायपेज तपासा’ एवढी ओळ तरी लिहा.

– एक वाचक