अकरावी-बारावीच्या इतिहासात ग्रीस आणि रोमला जागा द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलण्याचे काम चालू आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. मी धाराशिव जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयाला इतिहास शिकवतो. माझी मागणी एकच आहे. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत मुलांना प्राचीन ग्रीस आणि रोम नीट शिकायला मिळावेत, आणि तेही मराठीतून.

बारावीचे २०२० चे पुस्तक उघडा. पहिलाच पाठ युरोपातील प्रबोधनाचा आहे. युरोपने ग्रीक आणि रोमन विद्या पुन्हा हाती घेतली, असे आम्ही वर्गात सांगतो. ती विद्या कोणती, कोणाची आणि मधल्या काळात तिचे काय झाले, याचा मुलांना पत्ता नसतो. अकरावीत अलेक्झांडर भेटतो तो स्वारी करून परत जाण्यापुरता, आणि रोम भेटते ते सातवाहनांचे गिऱ्हाईक म्हणून. सीबीएसईच्या अकरावीत रोमन साम्राज्यावर निदान एक अख्खे प्रकरण तरी आहे.

‘आपलाच इतिहास पुरा होत नाही, परक्यांचा कशाला?’ असे कोणीतरी म्हणणार, हे मला ठाऊक आहे. त्यावर माझे उत्तर बाबासाहेबांपासून सुरू होते. धर्मसत्ता राजकीय हक्कांना कशी निकामी करते, हे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये १९३६ साली समजावून सांगताना त्यांनी दाखला दिला तो रोमचा. प्लेबियनांनी, म्हणजे तिथल्या सामान्य लोकांनी, झगडून आपला कॉन्सल, म्हणजे राज्याचा सर्वोच्च अधिकारी, निवडण्याचा हक्क मिळवला. पण निवडलेला माणूस डेल्फीच्या देवीला मान्य असावा लागे, आणि देवीचा कौल सांगणारे पुजारी सगळे उच्चकुलीन पॅट्रिशियन. खमका माणूस निवडून आला की देवीचा नकार ठरलेला. हा उतारा आमची मुले भाषणांत ऐकतात, स्पर्धांत पाठ म्हणून दाखवतात. पण प्लेबियन कोण, असे विचारले की गप्प होतात. दोष त्यांचा नाही.

हीच गोष्ट रोमच्या इतिहासातून शिकवली तर काय हाती लागते, ते सांगतो. दोनपैकी एक कॉन्सल प्लेबियन असावा, असा कायदा इ.स.पू. ३६७ मध्ये झाला. शकुन पाहणाऱ्या आणि धर्मविधी सांभाळणाऱ्या पुरोहित मंडळांत मात्र प्लेबियनांना प्रवेश मिळाला तो इ.स.पू. ३०० मध्ये. म्हणजे सर्वोच्च पद मिळाल्यावरही देवाच्या दारातला पहारा आणखी ६७ वर्षे उठला नाही. डेल्फी ग्रीसमध्ये आहे. रोमच्या राजकारणात नेहमीचा अडसर असे तो रोममधल्याच शकुनांचा. हा फरक बारावीच्या मुलांना शोधायला लावा, आणि तरीही बाबासाहेबांचा मुद्दा टिकतो का यावर त्यांना वाद घालू द्या. परीक्षेतल्या ‘टिपा लिहा’पेक्षा त्यातून इतिहास कितीतरी जास्त शिकून होईल.

अथेन्सचेही तसेच. आमच्या गावांत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा चावडीवर कोण उत्साह असतो! अथेन्समध्ये बहुतेक अधिकारपदांसाठी माणसेच चिठ्ठीने निवडली जात; सेनापतींसारखे मोजकेच मतदानाने. चिठ्ठी ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची, असे तेव्हा मानले जाई आणि अ‍ॅरिस्टॉटलने तसे लिहून ठेवले आहे. दर पाच वर्षांनी निवडणुकीचा खर्च डोळ्यांनी पाहणाऱ्या खेड्यातल्या मुलाला हे वाक्य काय काय सुचवेल, कल्पना करा. याच लोकशाहीत स्त्रियांना, गुलामांना आणि बाहेरून येऊन राहिलेल्यांना मत नव्हते. याच लोकशाहीच्या ज्युरीने इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. ग्रीसची आरती ओवाळायला मी मुळीच सांगत नाही. शिकवायचे तर हे सगळे शिकवायचे.

आता आमच्या तेरकडे या. महाराष्ट्र ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोण्या ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिच्यात ‘तगर’ आहे : पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथून गाडीवाटेने भडोचला कापड जाई. ते तगर म्हणजे तेर, असे अभ्यासक मानतात. तेरच्या शासकीय संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीची मूर्ती भोकरदनला मिळाली, आणि तशीच एक १९३८ साली इटलीत पॉम्पेई शहरावरच्या ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली. पॉम्पेई गाडले गेले इ.स. ७९ मध्ये, म्हणजे त्याआधीच ती समुद्रापार पोचली होती. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननातून आलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, दात्यांची नावे कोरलेली आहेत. आणि तिकडे रोममध्ये प्लिनी हा लेखक कुरकुरत होता की भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो! ज्यांचा पैसा आपल्याकडे येत होता, त्यांचे घर, त्यांचे देव, त्यांचे गुलामांचे बाजार मुलांनी पाहू नयेत, हे मला तरी पटत नाही. परका इतिहास म्हणून तो सोडून देणे म्हणजे तेरचीही अर्धी हकीकत सोडून देणे आहे.

शिकवणार कोण आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाला, ‘क्लासिकल सिव्हिलायझेशन’ नावाचा विषय आहे. होमर आणि व्हर्जिल यांची महाकाव्ये, ग्रीक नाटके, रोमन सम्राट ऑगस्टसने स्वतःची प्रतिमा कशी उभी केली, ग्रीकांनी इराण्यांना ‘रानटी’ कसे ठरवले, असे सगळे त्यात येते आणि सारे भाषांतरातून. ग्रीक किंवा लॅटिन येण्याची अट नाही. सरकारी शाळांत लॅटिन शिकवण्याची योजनाही त्यांनी २०२२ मध्ये सुरू केली होती. तिचा निधी २०२५ च्या फेब्रुवारीत थांबला. भाषा शिकवायला खास शिक्षक लागतात, खास पैसा लागतो. भाषांतरित साधने आणि नकाशे हाती असले, तर आजचा इतिहासाचा शिक्षक हा विषय शिकवू शकतो. आपल्याला परवडणारी वाट हीच आहे.

तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला आणि बालभारतीला एवढे सांगावे : बारावीत प्रबोधनाच्या आधी ग्रीस-रोमचा स्वतंत्र घटक घाला, निदान एका सत्राचा. राजांच्या याद्या नकोत. थ्युसिडिडीस, प्लुटार्क, प्लिनी या ग्रीक-रोमन लेखकांचे उतारे मराठीत द्या आणि त्यांवर प्रश्न विचारा. प्रकल्पाचे गुण जिल्ह्यातल्या संग्रहालयाला किंवा लेण्यांना भेट देऊन लिहिलेल्या टिपणासाठी ठेवा. त्या दिवशीच्या एसटीचा खर्च शाळेला मिळावा. हे वाक्य किरकोळ वाटेल, पण सहली अडतात त्या इथेच. शिक्षकांचे प्रशिक्षण ऑनलाइन व्हिडिओंवर भागवू नका. दिवाळीच्या सुटीत आठवडाभर पुण्याला डेक्कन कॉलेजात बोलवा, आम्ही येऊ.

मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा या घटकाची रूपरेषा आणि निवडक उताऱ्यांचे मराठी भाषांतर मी परिषदेकडे पाठवीन. समितीवर घ्या, असे म्हणत नाही. ते वाचले जावे आणि काय नको, का नको, हे लेखी कळावे.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक,
जि. धाराशिव