आईचा तंबोरा आणि मिरजेची दुपार

सांगली,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

संध्याकाळी फोनवर मी भराभर बोलून ठेवला, त्याचा राग मानू नका. आजचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लॉजवर आल्याआल्या लिहायला बसले. तुमचे जावई दिवसभर गाडी चालवून दमलेत, केव्हाच झोपले. आजचा फिरण्याचा शेवटचा दिवस. उद्या सकाळी पुण्याला निघायचं.

सकाळी सातलाच गणपतीला गेलो. कृष्णाकाठचं पटवर्धनांचं देऊळ, बाबा, तुम्ही सांगायचात तसंच शांत आहे. तुमच्या दोघांच्या नावानं दूर्वा वाहिल्या. मग आयर्विन पुलावर थोडं थांबलो. 2019 च्या पुरात तुम्ही टीव्हीसमोरून हलत नव्हता, "आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं" म्हणून मला फोन केला होतात. आज खाली पाण्याकडे बघताना पोटात कालवलं. एवढ्या खालून ते वर आलं कसं असेल!

बाबा, हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर तुमची फार आठवण झाली. नाटककार देवल मास्तरांचं गाव. ऑफिसच्या नाटकाचं पाठांतर तुम्ही अंघोळीच्या वेळी मोठ्यानं करायचात, ते मला अजून ऐकू येतं. तिथे एका आजोबांनी हळदीच्या पेवाचं बुजलेलं तोंड दाखवलं. जमिनीत खोल खणलेलं पेव, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट मोठं. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. पुराचं पाणी शिरून बरीच पेवं गेली म्हणे. आजोबा सांगताना त्या जागेवरून हात फिरवत होते.

आणि मग मिरज. आई, आता तुझं.

आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच विसावलेत. उरुसात चिंचेच्या झाडाखाली गवई हजेरी लावतात, ते तू मला लहानपणी सांगितलं होतंस. त्या चिंचेखाली मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

तिथून तंतुवाद्यांच्या गल्लीत. दुकानात पाऊल टाकलं तर वर भोपळेच भोपळे टांगलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात म्हणाले. मूळची ही शिकलगार मंडळी, हत्यारांना धार लावणारी. गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता वाद्यंच घडवायला लागली. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे दुकानातल्या कारागीर चाचांनी आम्ही न विचारताच सांगितलं.

चाचा एका तंबोऱ्याची जवारी लावत होते, तार नीट गुंजावी म्हणून. आधी तारा टेकतात त्या घोडीवर कानस, अगदी हलकी, दोनदा-तीनदाच. मग तार चढवून छेडली. आवाज बसका. त्यांनी सुताचा एक धागा घेतला, तारेखाली सरकवला आणि नखानं केसभर पुढे, केसभर मागे करत राहिले. एका जागी तो धागा आला आणि तार एकदम बोलायला लागली. आई, तोच आवाज! पहाटे स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून यायचा तो. मला तिथेच रडू आलं. तुमचे जावई घाबरले, चाचांनी मात्र काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

मग मी त्यांना तुझ्या तंबोऱ्याचं सांगितलं. आणि जे तुला कधी सांगितलं नाही, तेही. घर बदलताना टेम्पोत तो आडवा घालून वर गाद्या मीच टाकल्या होत्या. मला घाई होती. भोपळ्याला तडा गेला, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "जाऊ दे, आता कुठे गाते मी." मीही गप्प बसले. तू तेव्हा दर गुरुवारी गात होतीस, आई. मला माहीत होतं.

चाचा म्हणाले, तडा सांधता येतो. आतून कापडाची पट्टी चिकटवायची, घोडी नवी करायची, तारा बदलायच्या. वाद्य एकदा बघायला हवं, घेऊन या. तुझी बोटं दुखतात, हे मी सांगितलं तर म्हणाले, तारा थोड्या हलक्या घालू. आवाज चढत नसेल तर सूर खाली घ्या, तंबोऱ्याची काही हरकत नसते.

म्हणून येत्या शनिवारी आम्ही ठाण्याला येतोय. मागची सीट पाडून, उशा लावून, तंबोरा मी स्वतः धरून मिरजेला नेणार. तू नाही म्हणू नकोस. जमलं तर तुम्ही दोघंही चला. लॉजला लिफ्ट आहे, मी बघून ठेवलंय.

आई, गवसणी सापडते का बघ. नसेल तर तुझी जुनी मऊ साडी काढून ठेव. आणि बाबा, तंबोरा कपाटावरून काढायला तुम्ही स्टुलावर चढू नका. आम्ही आल्यावर काढू.

तुमची,
ताई