पावसाळी सहल म्हणजे लोणावळाच का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की पेपरच्या पुरवण्यांमधे वीकेंडला कुठे जाल याचं पान येतं आणि दरवर्षी नावं तीच, लोणावळा, माळशेज, ताम्हिणी, महाबळेश्वर. वाचून आपण सगळेच एकाच रविवारी बाहेर पडतो. आम्हीपण पडायचो, म्हणून हे पत्र.

आमच्या घरात सहा माणसं. मी, नवरा, दोन मुलं, बहात्तरीच्या सासूबाई आणि माझी नणंद. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी सकाळी सातला पुण्यातून निघालो, लोणावळा ६५ किलोमीटर, एरवी दीड तास. त्या दिवशी बाजारातून भुशी धरणाकडे वळायलाच साडेअकरा वाजले आणि पुढे गाड्या हलेचनात. सासूबाईंना डायबेटिस आहे, त्यांना बाथरूमला जायचं होतं आणि रस्त्यावर एक जागा नाही, शेवटी एका चहाच्या टपरीवाल्या बाईंनी त्यांच्या घरात नेलं म्हणून निभावलं. धरण न बघताच परत फिरलो. मुलगी म्हणाली, आई आपण आज फक्त गाड्या बघितल्या.

ही तर नुसती गैरसोय झाली, ३० जून २०२४ ला त्याच भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. लहान मुलं होती त्यात. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला तेव्हाही त्यावर गर्दी होती. दोन्ही दिवस रविवारच होते. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की खाली ओढ्याचं पाणी बघता बघता वाढतं, आणि गर्दीत आपल्याला वाटतं एवढी माणसं उभी आहेत म्हणजे उभं राहायला हरकत नसेल.

तर त्यानंतर आम्ही ठरवलं की सहल भर पावसात काढायची नाही आणि जिथे सगळे चाललेत तिथे जायचं नाही. गणपती झाल्यावर मुलांना शाळेला दोन दिवस दांडी मारायला लावून मंगळवार-बुधवार आहुप्याला गेलो. आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या त्याच जंगलपट्ट्यात अगदी सह्याद्रीच्या कड्यावर वसलेलं गाव आहे. मंचर, घोडेगाव, डिंभे आणि मग धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे हे मला माहीत होतं पण ते इथल्याच महाळुंगे पडवळचे, हे नवऱ्याने गाडीत सांगितलं. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले ते. मुलाने पुस्तकात वाचलेलं नाव असं खिडकीतून दिसलं की तो प्रश्न विचारायचा थांबत नाही, घोडेगावपासून आहुप्यापर्यंत तोच विषय.

गावात एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरी राहिलो, ट्रेकिंगवाल्या एका ओळखीतून आधी निरोप पाठवला होता. शेणाने सारवलेली ओसरी, तांदळाची भाकरी, पिठलं, आणि एक रानभाजी जिचं नाव मी तीनदा विचारून विसरले. सासूबाई रोज रात्री त्रिफळा घेतात, चाळीस वर्षं घेतायत, पण त्यातल्या हिरड्याचं झाड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिथे बघितलं. घरच्या मावशींनी सांगितलं की कोवळा असतानाच काढून वाळवतात तो बाळहिरडा आणि त्याला भाव चांगला येतो, बऱ्याच घरांचा वर्षाचा किराणा त्याच्यावर चालतो. दोघी संध्याकाळभर ओसरीवर बोलत बसल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या घरातून निघायला तयार नव्हत्या त्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा मुलगा आम्हाला देवराईत घेऊन गेला. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही ही गावाची रीत, माझ्या मुलीने उचललेलं पान गुपचूप जागेवर ठेवलं. वर शेकरूचं घरटं दाखवलं त्याने, आणि बराच वेळ गप्प बसल्यावर शेकरूपण दिसलं, या फांदीवरून त्या फांदीवर उडी, लांब झुपकेदार शेपटी. आपला राज्यप्राणी माझ्या मुलांनी तोपर्यंत चित्रातच बघितला होता. मग कड्यावर गेलो. पठारावर सोनकी पिवळीधमक फुललेली आणि खाली कोकणात गोरखगड, मच्छिंद्रगड. कठडा वगैरे काही नाही, मुलांचा हात सोडायचा नाही, आणि धुकं असेल तर जायचंच नाही, हे आवर्जून सांगते.

अडचणी पण सांगते. मोबाईलला रेंज नाहीच म्हटलं तरी चालेल. पेट्रोल मंचरलाच भरून घ्या, औषधं जास्तीची ठेवा, मोठ्या दवाखान्यासाठी घोडेगाव गाठायला लागतं. हॉटेल, मक्याचं कणीस, घोडा, काही नाही. ज्यांना ते हवंय त्यांनी जाऊ नये.

आता हे पत्र लिहिताना मी दोन दिवस अडले होते ते नावावरून, गावाचं नाव द्यावं की नाही. देवकुंड धबधब्याचं काय झालं आपण बघितलं, गर्दी झाली, मग पावसाळ्यात बंदी घालायची वेळ आली. कासच्या फुलांच्या पठाराला शेवटी दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आणि आधी बुकिंग करावं लागलं. आहुप्याचं तसं झालं तर तो माझाच अपराध. पण मावशी म्हणाल्या, या की, पण सांगून या आणि राहायला या, नुसतं हिंडून कचरा टाकून जाऊ नका. म्हणून लिहिलं.

तुम्हाला विनंती एवढीच की पुरवणीत ठिकाणांची यादी छापाल तेव्हा त्या गावात किती माणसं राहू शकतात, कुणाला आधी विचारायचं, कोणत्या महिन्यात जाऊ नये, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बाथरूमची सोय आहे का, हे पण छापा. जुन्नर, आंबेगाव, अकोले, भोर, वेल्हे इथे अशी कितीतरी गावं आहेत, एकाच गावाचा मोठा फोटो टाकण्यापेक्षा वीस गावांची छोटी माहिती द्या म्हणजे माणसं विभागली जातील. आणि शक्य असेल तर हे जून लागायच्या आधी छापा, कारण लोकांचे बेत तेव्हाच ठरतात. आमचा यंदाचा ठरलाय, सासूबाईंनी मावशींसाठी इरकल घेऊन ठेवलंय.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे