डब्याची गोष्ट नको

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी तुझं बोलणं मध्येच तोडलं, म्हणून आज लिहायला बसले. मराठीतच लिहिते आहे. रविवारच्या मराठी शाळेसाठी आठ वर्षं गाडी हाकली, त्यातलं थोडं तरी वसूल होऊ दे. जोडाक्षराशी अडलीस तर मोठ्याने वाच, कानाला कळेल.

तुम्ही सहा जणी मिळून एशियन-अमेरिकन लोकांबद्दल अंक काढताय म्हणालीस आणि मी फटकन विचारलं, "आपण कुठले गं एशियन?" खरं सांगते, 1997 साली इथे आले तेव्हा एशियन म्हणजे चिनी, जपानी, फार तर कोरियन, अशीच माझी समजूत होती. 2000 सालच्या जनगणनेचा फॉर्म मी जेवणाच्या टेबलावर बसून भरला. त्यात 'एशियन इंडियन' असा चौकोन होता. बाबा म्हणाले, खूण कर आणि मोकळी हो. मी झाले मोकळी. हा चौकोन 1980 च्या जनगणनेत आला, तोही इथल्या भारतीयांच्या संघटनेने पाठपुरावा केला म्हणून. त्याआधी 1970 ला आपल्याला गोऱ्यांत मोजलं होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. जर्सी सिटीतल्या आमच्या पहिल्या घराखाली राहणाऱ्या मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "संध्याकाळी एकटी निघालीस तर टिकली काढून जा." दहा वर्षांपूर्वीची भीती त्यांच्या मनातून गेली नव्हती. 1987 साली तिथे 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी पोरं टिकलीवाल्या बायकांना गाठायची. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी नावाच्या माणसाला पोरांच्या टोळक्याने मारहाण केली, त्यात तो गेला. तो पारशी होता. आणि त्याआधी पाच वर्षं, 1982 मध्ये, डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट चिनला मोटार कारखान्याशी संबंध असलेल्या दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं. जपानी गाड्यांवरचा राग होता, मेला चिनी माणूस. मारणाऱ्यांना शिक्षा काय, तर तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंग नाही, नुसती देखरेख, आणि 3,000 डॉलर दंड. तेव्हा 'आपण कुठले एशियन' हा माझा प्रश्न जनगणनेच्या टेबलापुरता ठीक होता, रस्त्यावर त्याला कुणी विचारत नाही.

मुखपृष्ठावर आनंदीबाईंचा फोटो घेणार म्हणालीस. फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला, 1885 चा, तीन बायकांचा. तू पाठवल्यावर मी तो बराच वेळ पाहत बसले. आम्ही लहानपणापासून आनंदीबाई जोशी म्हणत आलो. 1883 साली बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या, आपल्या न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी घरी नेलं, 1886 ला डॉक्टर झाल्या, पुढच्या वर्षी पुण्यात गेल्या, रक्षा परत इथे पोकीप्सीला आली, हे सगळं पाठ. पण शेजारी बसलेल्या दोघींकडे कधी डोळा गेला नाही. जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबत इस्लामबूली. आपापल्या देशाचा पोशाख करून तिघी एका चौकटीत बसल्या आहेत. तिघींचा खंड एक, पण गंमत बघ, इथली जनगणना आजवर सीरियाच्या माणसाला गोरा म्हणत आली आहे. सबतबाई तुमच्या अंकात बसतात की नाही, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. सहा जणींचं यावर भांडण झालं तर होऊ दे. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळात भांडणं व्हायची ती फक्त फोटो कुणाचा मोठा छापायचा यावर.

त्या काळात आपले लोक इथे कशासाठी भांडले ते मी या आठवड्यात वाचलं, आणि वाचून मान खाली गेली. ताकाओ ओझावा नावाचा जपानी माणूस सुप्रीम कोर्टात गेला, मला गोरा माना आणि नागरिकत्व द्या म्हणून. 1922 च्या नोव्हेंबरात कोर्टाने सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन (वंशशास्त्रातलं तेव्हाचं एक नाव), तू तो नाहीस. तीन महिन्यांनी आपला भगतसिंग थिंद त्याच कोर्टात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याचं म्हणणं, मी आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरा. कोर्टापुढचा प्रश्नच असा लिहिलेला होता की उच्चवर्णीय हिंदू हा गोरा धरायचा का. माणूस शीख, पण कागदावर उच्चवर्णीय हिंदू! कोर्ट म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुला गोरा म्हणणार नाही. मग आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. मिळायचा मार्ग उघडला तो थेट 1946 ला. ओझावा आणि थिंद वेगवेगळे गेले, दोघंही 'मी त्यांच्यातला नाही, तुमच्यातला आहे' म्हणत गेले, आणि दोघंही हरले.

म्हणून तुझा तो 'एशियन-अमेरिकन' शब्द मला आता वेगळा दिसतो. 1968 मध्ये बर्कलीत युजी इचिओका आणि एमा गी यांनी वेगवेगळ्या देशांच्या पोरांना एकत्र आणताना तो काढला. तोवर इथले लोक सरसकट 'ओरिएंटल' म्हणायचे, गालिच्याला म्हणावं तसं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला पाच विद्यार्थ्यांनी प्रत्येकी 100 डॉलर काढून 'गिद्रा' नावाचं मासिक सुरू केलं, ते 1974 पर्यंत चालवलं. तुम्ही किती किती काढलेत? कमी पडले तर सांग. जाहिरातीच्या मागे लागू नका, का ते पुढे लिहिते.

आधी एक विनंती. डब्याची गोष्ट छापू नका. तुमच्या पिढीचा प्रत्येक लेख त्या डब्यापासून सुरू होतो. शाळेत डबा उघडला, वास आला, पोरं हसली, घरी येऊन आईला म्हटलं मला सँडविच दे. तुझ्या बाबतीत असं काही झालेलंच नाही. तिसरीत असताना एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी दिली होती. तू ती त्या कोरियन मुलीला देऊन तिच्याकडून वाळवलेल्या शेवाळाचे काळे कागद घेतलेस आणि दोघींनी खिचडी त्यात गुंडाळून खाल्ली. हसणं सोड, शेजारच्या बाकावरच्यांनीही मागितली म्हणे. ओरडले ती मी, उपासाला शेवाळ चालतं का म्हणून. छापायचीच असेल तर ही छापा, माझ्या नावासकट.

आता जाहिरातीचं. मी एच-फोर, म्हणजे बाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळालेल्या व्हिसावर आलेली, तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. मंडळाला फुकटात राबणारे हात हवे होते, मला घराबाहेर पडायला निमित्त. चार वर्षं मी स्मरणिका काढली. फॉन्ट बदलला की 'दुसऱ्या'तला र उडून 'दुसया' व्हायचा. एका साली अध्यक्षांच्या मनोगतात तो अकरा ठिकाणी उडाला, आणि रात्री दोनला मी एकटी प्रूफं घेऊन बसले होते. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण त्याच अंकात आणखी एक गोष्ट घडली.

एका बाईंनी दोन पानी लेख पाठवला होता. मंडळाच्या गणपतीला पहिल्यांदा आल्या, तर तिघींनी आडनाव विचारलं. मग गाव. मग "म्हणजे नेमके कोण तुम्ही?" तिसरीने विचारल्यावर त्या प्रसादाची वाटी खुर्चीवर ठेवून निघून गेल्या. पुढे लिहिलं होतं की, ज्या न्यूयॉर्कात 1913 साली बाबासाहेब शिकायला आले आणि पहिल्यांदा बरोबरीच्या नात्याने वावरले, त्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर मला हे विचारलं गेलं. लेख सरळ होता, रागही नव्हता त्यात. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, सणासुदीला कशाला. कुणी म्हणालं, मागच्या पानाचे जाहिरातदार नाराज होतील. मी काहीच म्हटलं नाही. बाईंना फोन करून सांगितलं, जागा नाही हो. आणि उरलेल्या दोन पानांवर उकडीच्या मोदकांची कृती टाकली, फोटोंसकट.

त्या तीन जणींतली एक मी होते का, हे मला आठवत नाही. नसेनच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

2023 मध्ये सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला. कॅलिफोर्नियातही विधेयक मंजूर झालं, पण गव्हर्नरने ते नाकारलं. तेव्हा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर एकच चाललं होतं, इथे कुठे आली जात, आपल्याला बदनाम करायला निघालेत. मी तेव्हाही गप्प बसले. कायद्याने काय साधेल यावर माणसं प्रामाणिकपणे वाद घालू शकतात, ते मी समजू शकते. पण 'इथे कुठे आली जात' हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ते मोदकांचे फोटो येत होते.

एशियन-अमेरिकन म्हटलं की गोऱ्यांनी आपल्याला काय केलं ते लिहायला सगळे पुढे येतील, आणि ते लिहायलाच हवं. त्या जोरावर आपलं आपण काय केलं ते जागेअभावी वगळू नका, एवढंच माझं म्हणणं. व्हिएतनामी मैत्रिणीच्या घरातलंही काही असेल, कोरियन मुलीच्याही. ते त्यांना ठरवू दे. तू तुझ्याकडचं बघ.

लेखाची प्रत माझ्याकडे अजून आहे, स्मरणिकांच्या खोक्यात. परवा धीर करून बाईंना फोन केला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे नाही देणार आता. मुलीला हवा असेल तर तिने स्वतः विचारावं." नंबर तुला वेगळा पाठवते. रविवारी दुपारी कर, सकाळी त्या बागेत असतात. 'हो' म्हणाल्या तर एक अक्षर बदलायचं नाही, फक्त 'दुसऱ्या'तला र जागेवर आहे का ते बघ.

डबे परत पाठव, चार झाले.

तुझी,
आई